मोठेबाबांची पिशवी

आज यवतमाळच्या सेशन कोर्टात मोठेबाबांच्या अपिलाचा निकाल होता. मोठीआईनं पिशवीत बीपीच्या गोळ्या, दुपट्टा अन् चादर भरून दिली होती, जेलच्या तयारीनं.

आठ वर्षांपूर्वी धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, भांडण झालं. रागाच्या भरात त्यांनी बाजूच्या वावरवाल्याला बंडीची उभारी, म्हणजे लाकडी दांडा, मारली. डोक्याला टाके पडले. खालच्या कोर्टानं सहा महिन्यांची कैद दिली. आज दोष कायम राहिला, पण कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीचा बाँड मिळाला. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८, कलम ४. हा अधिकार अपिलाच्या कोर्टालाही असतो, ते कलम ११ वकीलसाहेबांनी आजच दाखवलं.

गावात कोणी "निर्दोष सुटले" म्हणू नका. बाँड मोडला तर शिक्षा होऊ शकते. जखमीला भरपाई द्यायची आहे अन् ती दिलीच पाहिजे, मार त्यानं खाल्ला. पण सत्तरीच्या, पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला जेलमध्ये टाकून त्याची जखम भरली नसती, असं मला मनापासून वाटते.

अंगठ्याची शाई दुपट्ट्याला पुसत ते एसटीत बसले. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुरीचं ओलित झालं का रे?"