भाच्याची पहिली शिकार आणि माझी वटवट

भाचा १४ चा. दोन वर्षं एकच धोशा, मामा मला ने ना, मामा मला ने ना. शेवटी नेलं एकदाचं, आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या काटेरी झुडपांच्या रानात, परवाने वगैरे सगळं रीतसर, सोबत तिथला गाइड आणि एक म्हातारा ट्रॅकर, म्हणजे जनावरांचा माग काढणारा. यादीत दोनच जनावरं, दोन्ही तिकडची हरणासारखी, एक इम्पाला आणि जमलंच तर त्याहून मोठा, पीळदार शिंगांचा कुडू. कोणी पोरांना घेऊन जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय, माझ्या चुकांसकट.

जून ते ऑगस्ट जा, तिकडचा हिवाळा. झाडांची पानं झडलेली असतात, लांबचं दिसतं. पण पहाटे उघड्या गाडीत बोटं वाकत नाहीत आणि दहा वाजता जॅकेट नकोसं होतं, त्यामुळे एकावर एक असे पातळ कपडे घाला. आणि खरखर करणारं कापड अजिबात नको, आमच्या पोराची विंडचीटर ट्रॅकरने पहिल्याच सकाळी काढायला लावली, बिचारा कुडकुडत फिरला.

रायफल स्वतःची न्यायची तर कागदपत्रांची खटपट भरपूर, आम्ही तिथलीच भाड्याने घेतली. मोठ्या कॅलिबरचा, म्हणजे जाड गोळीच्या रायफलीचा मोह मला होता, भाच्याला नव्हता. गाइडने सरळ ७ एमएम-०८ काडतुसाची रायफल हातात दिली, बार काढताना खांद्याला धक्का कमी आणि इम्पालाला भरपूर झाली. धक्क्याची धास्ती एकदा बसली की पोरं ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतात आणि ती सवय मग काही केल्या जात नाही. टेबलावर रायफल टेकवून केलेली प्रॅक्टिस रानात फार कामाला येत नाही, तिथे तीन पायांच्या काठ्यांवर उभ्याने मारायचं असतं. आम्ही जायच्या आधी महिनाभर रोज रिकाम्या रायफलीने तेच केलं. कानात प्लग मात्र प्रत्येक वेळी, रानातसुद्धा.

नेम कुठे धरायचा ते आधीच फोटोंवर पेन्सिलने खुणा करून घोटवून घ्या. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत वर जायचं आणि छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर थांबायचं. इम्पालाचं हृदय खांद्यांच्या मध्ये बरंच खाली असतं, नवखे हमखास वर आणि मागे मारतात.

आता माझा पराक्रम. दुसऱ्या दिवशी ९० मीटरवर झकास नर, पोरगं काठ्यांवर सेट, गाल रायफलीला चिकटलेला, आणि मी मागून कुजबुजतोय, मार, मार, आता मार. गाइड म्हणतोय थांब, कारण नराच्या बरोबर मागे मादी उभी होती, गोळी आरपार गेली तर ती पण जखमी. पोराने गोंधळून बोट काढून घेतलं, कळप गेला. गाइड मला एवढंच म्हणाला, उद्यापासून तुम्ही ५० पावलं मागे. राग आला, पण त्याचंच बरोबर होतं.

त्यामुळे तिसऱ्या दिवशीची शिकार मी पाहिलीच नाही, ऐकली. आधी बार आणि पाठोपाठ ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा थप्प आवाज. ट्रॅकरने लगेच धावू दिलं नाही, पंधरा मिनिटं बसवलं. मग गवताच्या काडीवरचं रक्त भाच्याला दाखवलं, गुलाबी आणि फेसाळ, म्हणजे फुफ्फुसात लागलंय. काळपट असतं तर यकृत, हिरवट घाण असेल तर पोटात, मग कित्येक तास थांबावं लागतं. ६० मीटरवर इम्पाला नर पडलेला सापडला. लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून खात्री केली, त्याआधी जवळ जायचं नाही, शिंगं लागतात.

पोरगं बराच वेळ गप्प. कानावरून हात फिरवला आणि म्हणाला, मामा, अजून गरम आहे. मी पण गप्प बसलो, यावेळी जमलं. सोलायला मात्र स्वतःहून पुढे झाला, कोपरापर्यंत हात भरले. पोरांना यातून वगळू नका, नाहीतर नुसती नेमबाजी होते.

आणि हो, जखमी होऊन निसटलेल्या जनावराचेही पैसे सहसा द्यावे लागतात, हे बुकिंगच्या वेळीच लेखी बघून घ्या.

कुडू शेवटच्या संध्याकाळी दिसला, २०० मीटरच्या पुढे, शिंगांचे पीळ मोजता येतील असा उभा. गाइडने भाच्याकडे बघितलं. तो म्हणाला, नको, लांब आहे. तेवढ्यात वारा फिरला, कुडू कुत्र्यासारखा एकदा भुंकला आणि झुडपात गडप.