मॅडमचे पेपर मोजताना

माझ्या पीएचडीच्या गाइड मॅडम आता रिटायर होतायत. निरोपाच्या कार्यक्रमासाठी त्यांच्या सगळ्या पेपर्सची यादी कर, सोबत सायटेशन्स (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात त्यांचा किती वेळा संदर्भ दिला) आणि एच-इंडेक्स (त्यावरूनच काढलेला एक आकडा, पुढे सांगते) टाक, असं मला सांगितलं. एका संध्याकाळचं काम वाटलं होतं, तीन आठवडे गेले त्यात.

मुळात आकडा एक नसतोच. सायटेशन्स मोजणाऱ्या साइट्सपैकी गूगल स्कॉलर थिसिस, प्रीप्रिंट (तपासणीआधीच टाकलेले पेपर) सगळंच धरतं म्हणून तिथे जास्त दिसतो, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सवर कमी. त्यात मॅडमच्याच नावाआडनावाच्या, भलत्याच विषयातल्या एका बाईंचे पेपर प्रोफाइलमध्ये घुसले होते, ते काढले, आणि लग्नाआधीच्या आडनावाने छापलेले मॅडमचे दोन पेपर कुठेच धरलेले नव्हते ते शोधून घातले. आडनाव बदललं की बाईचं अर्धं काम असं हरवतं, हे ऐकून होते, पण स्वतः शोधायला बसल्यावर राग आला खरा.

मग सायटेशन्सप्रमाणे यादी लावली, तर सगळ्यात वर दोन पानांचं एक टिपण. ज्यांनी स्टार्चने भरलेल्या कंदातून आरएनए (कुठले जीन चालू आहेत ते ज्यावरून कळतं तो रेणू) काढलाय त्यांना कळेल, इथेनॉल टाकून स्पिन केलं की ट्यूबच्या तळाशी आरएनएसोबत साखरेच्या लांब साखळ्यांचा चिकट जेलीसारखा गोळा बसतो, तो पाण्यात विरघळत नाही, शुद्धता दाखवणारा २६०/२३० चा रेशो रसातळाला, पुढे आरएनएवरून सीडीएनए (त्याची डीएनए प्रत) काही होत नाही. मॅडमनी काय केलं, लिथियम क्लोराइड टाकून रात्रभर ४ डिग्रीला ठेवलं, त्यात आरएनए खाली बसतो आणि साखरेच्या साखळ्या बऱ्याचशा वरच्या पाण्यातच राहतात. लिथियम क्लोराइड काही त्यांचा शोध नव्हे, ते आधीपासून माहीत होतं, त्यांनी कॉन्सन्ट्रेशन आणि धुण्याच्या पायऱ्या या टिश्यूसाठी बसवून दिल्या. मॅडमच्या एकूण सायटेशन्सपैकी निम्म्याहून जास्त या एका टिपणाच्या!

आणि ज्या पेपरला त्या स्वतः आपलं काम म्हणतात, पाणी तुटल्यावर झाडात एक जीन कोण बंद करतं हे दाखवणारा, सहा वर्षं घेतलेला, तो पार खाली. मला फार वाईट वाटलं. मी त्या सहापैकी तीन वर्षं तिथे होते, रात्री दोनला ग्रोथ चेंबरमधून पानं तोडून लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकायचे, त्यामुळे माझं वाईट वाटणं काही तटस्थ नाही.

पण हे सगळीकडेच असं आहे. नेचर या विज्ञान साप्ताहिकाने २०१४ मध्ये सगळ्यात जास्त सायटेशन्सवाल्या १०० पेपर्सची यादी केली, त्यात पहिला लाउरींचा १९५१ चा, प्रोटीन मोजायची पद्धत, तेव्हाच ३ लाखांच्या वर. दुसरा लेमलींचा १९७० चा, तो तर टी४ फाज या बॅक्टेरियांवरच्या व्हायरसचं डोकं कसं जुळतं याबद्दलचा आहे, जेलमध्ये प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळे करायची पद्धत त्यात ओघात आली, आणि आज जेल चालवणारे लाखो लोक तो साइट करतात पण फाजचं काय झालं हे किती जणांनी वाचलं असेल. तिसरा ब्रॅडफर्डचा, १९७६, पुन्हा प्रोटीन मोजणंच. आणि वॉटसन-क्रिकचा १९५३ चा, डीएनएच्या डबल हेलिक्सचा? तो पहिल्या शंभरात नाहीच. जी गोष्ट सगळ्यांच्या पाठ्यपुस्तकात गेली ती कोण कशाला साइट करेल, आणि पद्धत मात्र दर वेळी लिहावीच लागते.

एच-इंडेक्स त्यातल्या त्यात हे जरा सावरतो. हिर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये सुचवला, २० पेपर्सना प्रत्येकी किमान २० सायटेशन्स असतील तर तुमचा एच २०. त्यामुळे एकच पेपर कितीही गाजला तरी तो एकच धरला जातो. पण तो आकडा आयुष्यात कधी खाली येत नाही, विषय मोठा की लहान हे त्याला कळत नाही, कॅन्सरवाला आणि कंदवाला एकाच फूटपट्टीने मोजणं मला चूकच वाटतं. आणि वेळेचं काय? १९८७ मध्ये जपानमधल्या इशिनोंच्या ग्रुपला ई. कोलाय या बॅक्टेरियात डीएनएचा एक विचित्र परत परत येणारा सीक्वेन्स दिसला, याचा उपयोग काय ते माहीत नाही असं त्यांनी सरळ लिहून ठेवलं. तेच आजचं क्रिस्पर. त्यातून जीन कापायची कात्री व्हायला २०१२ उजाडलं. १९९० मध्ये कुणी आकडा बघून त्या कामाची किंमत ठरवली असती तर?

तर मग मी नुसतं मोजणं सोडलं आणि वाचायला लागले. टिपण कोण साइट करतंय ते बघितलं, बहुतेक ठिकाणी मेथड्समध्ये एक ओळ, आरएनए अमुक पद्धतीने काढला, कंस, संपलं. त्यालाही मी कमी म्हणणार नाही, तेवढ्या सगळ्या लोकांचा तो चिकट गोळा सुटला ना! मग खालचा पेपर घेतला. त्याच्या सायटेशन्स थोड्याच, एका रात्रीत सगळ्या वाचून झाल्या. काहींनी प्रस्तावनेत दहा जणांच्या रांगेत उभा केलाय, आमच्याच लॅबचे काही. पण एक पेपर असा निघाला की त्यात मॅडमचा प्रयोग जसाच्या तसा दुसऱ्या पिकात करून बघितलाय, तोच प्रोटीन तिथेही तोच जीन बंद करतो, आणि त्यांच्या तिसऱ्या आकृतीत शेजारी शेजारी दोन्ही ग्राफ, एक त्यांचा, एक आमचा. मी त्या रात्री तोडलेल्या पानांचा ग्राफ, कुठल्या तरी अनोळखी मुलीच्या पेपरात.

यादीत मी आकडे ठेवलेत, मागितले होते म्हणून. पण प्रत्येक पेपरखाली एक ओळ घातली, हे कुणी कशाला वापरलं. छापायच्या आधी मॅडमना दाखवली. वरच्या टिपणाचा आकडा त्यांनी बघितला न बघितला आणि सरळ खाली गेल्या, ती ओळ दोनदा वाचली, मग चष्मा काढून म्हणाल्या, "हा पेपर मी कसा नाही बघितला गं? पीडीएफ पाठव मला. आणि त्या मुलीने कंट्रोल कुठला घेतलाय ते बघ आधी."