मोगरा: जांभळ्या कळ्यांमागचा चोर सापडला

सापडला एकदाचा! कुंडीतल्या मोगऱ्याच्या कळ्या जांभळ्या पडून गळत होत्या, त्याचं मागच्या वेळी फुलकिड्यांवर (रस शोषणाऱ्या बारीक किड्यांवर) खापर फोडून मोकळा झालो होतो, ते मागे घेतो.

रथसप्तमीची छाटणी, ओरबाडलेली पानं, दहा दिवस पाणी तोडून दिलेला ताण, मग शेणखत नि जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं खत), हे सगळं मागे सांगितलंच आहे. फूट जबरदस्त आली. शिमग्यापर्यंत ३ नंबरच्या कुंडीतला बटमोगरा (गोल कळ्यांचा मोगरा) कळ्यांनी लगडला. आणि मग ज्वारीच्या दाण्याएवढी झाली की एकेक कळी देठाकडून जांभळट पडायची, सुजायची, हात लावला की गळायची. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावले. त्यांत धूळ अडकली, नि माझा अंगठा.

रविवारी वैतागून एक कळी ब्लेडने उभी चिरली. तळाशी पाच-सहा पांढुरक्या अळ्या, इतक्या बारीक की भिंगाखाली वळवळल्या तेव्हा कुठे खात्री पटली. कळीमाशी! ती कोवळ्या कळीत अंडी घालते, अळ्या आतच खातात आणि पोसल्या की मातीत उतरून कोषात जातात. म्हणजे मी दर चार दिवसांनी बाहेरून कडुनिंबाचं तेल मारत होतो आणि ही मंडळी आत दार लावून जेवत होती. वर गळलेल्या कळ्या 'खत होईल' म्हणून मीच कुंडीत राहू दिलेल्या. धन्य!

(तेलाचं म्हणाल तर 'पाण्यात विरघळणारं' लिहिलेली तयार बाटली पुन्हा घेणार नाही. घाण्याचं तेल लिटरला ५ मिली, सोबत रिठ्याचं पाणी. शेजारी खिडक्या लावून घेतात, पण माल अस्सल.)

तर आता जांभळी कळी दिसली की तोडायची, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात तापवायची. ३ नंबरवरच्या मोजून ४६ तोडल्या. जिवावर आलं होतं. वरची दोन इंच माती उकरून निंबोळी पेंड मिसळली. पालापाचोळ्याचं आच्छादनही काढणार होतो, पण चैत्राच्या उन्हात बारा इंची कुंडी दुपारपर्यंत ठणठणीत कोरडी होते, म्हणून राहू दिलं.

थांबा, हे लिहितानाच सुचलं. अळीला मातीपर्यंत पोचूच द्यायचं नाही! ३ नंबरच्या आच्छादनावर जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं, खोडाभोवती घट्ट. पाणी झिरपेल, अळी अडेल. रोज सकाळी फडकं साबणाच्या पाण्यात झटकायचं. मग ४ नंबरला मात्र नुसती पेंड, नाहीतर गुण कशाने आला ते कळायचं नाही. आईकडे साडी मागण्याचं काम तेवढं अवघड.

बाकी ६ नंबरचा मदनबाण (मोगऱ्याचीच एक जात) काल संध्याकाळी उमलला, पहिली तीन फुलं! लांबट, टोकदार, शंकाच नको. नर्सरीतून मदनबाण म्हणून दोनदा आणलेलं रोप हजारी, म्हणजे दुसऱ्याच जातीचं निघालं होतं. हा मावशीच्या अंगणातल्या फांदीचा. एक फूल आईने देवाला वाहिलं, एक माठात टाकलं. तिसरं मी भिंगाखाली धरलं. आत कोणी नव्हतं.