पंचगंगेची पातळी आलेखावर मांडताना : माझा अनुभव

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी वर्तमानपत्र हाती आले, की नजर आधी एकाच आकड्याकडे जाते : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट, किती इंच. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला, ती आठवण अजून ताजी आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो आणि माझ्या वर्गात प्रयाग चिखली, आंबेवाडी या पाणी लवकर शिरणाऱ्या गावांतली मुले आहेत. त्यांना आलेख शिकवायचा तर तो याच आकड्यांवर शिकवावा असे मी ठरवले, आणि मुलांनी जूनपासून वहीत उतरवून ठेवलेल्या नोंदी जीएनयू ऑक्टेव्ह या आकडेमोड व आलेखांच्या मुक्त संगणक प्रणालीत मांडायला घेतल्या.

जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये पूर्णवेळ काम सुरू करून घडवलेली ही प्रणाली त्यांचे रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हेन्स्पील यांच्या नावाने ओळखली जाते. तिची भाषा मॅटलॅब या विकत घ्याव्या लागणाऱ्या गणिती प्रणालीशी बरीच जुळते, तिला परवाना शुल्क नाही, आणि मुलांना ती घरच्या संगणकावरही टाकता येते. हे शेवटचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले.

खरे काम आलेखाच्या आधी, नोंदी लावण्यात होते. वहीत पातळी ‘३९.१०’ अशी लिहिलेली असते आणि तिचा अर्थ ३९ फूट १० इंच असा असतो. संगणक मात्र ती दशांश संख्या समजतो. त्यातही स्प्रेडशीट शेवटचे शून्य गाळून टाकते, म्हणजे ३९ फूट १० इंच आणि ३९ फूट १ इंच या दोन्ही नोंदी ३९.१ होऊन बसतात. नऊ इंचांचा हा फरक इशारा पातळीच्या आसपास मुळीच किरकोळ नाही. म्हणून फूट आणि इंच असे दोन वेगळे स्तंभ केले आणि ऑक्टेव्हमध्ये इंचांना १२ ने भागून ते फुटांत मिळवले. तारखेचेही तसेच केले : दिवस, महिना आणि वर्ष वेगवेगळ्या स्तंभांत ठेवून डेटनम या आज्ञेला दिले, त्यामुळे ५ जुलैची ७ मे होण्याचा प्रश्नच उरला नाही.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागांची. एखाद्या दिवशी नोंद राहिली असेल, तर डीएलएमरीड ही आज्ञा त्या रिकाम्या जागी आपोआप शून्य भरते. पातळीच्या रेषेत हे लगेच दिसते, कारण भर जुलैत नदी एका दिवसासाठी तळाला जाऊन परत वर आलेली दिसते. नोंदींत राधानगरी धरणावरच्या पावसाचाही स्तंभ आहे, तिथे मात्र तेच शून्य खपून जाते. पाऊस पडला नाही आणि पाऊस नोंदवला नाही, या दोन गोष्टी आलेखावर सारख्याच दिसू लागतात. यावर उपाय सोपा आहे. त्याच आज्ञेत एम्प्टीव्हॅल्यू हा पर्याय देऊन रिकाम्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नाही’ ही खूण भरायला सांगावी. मग त्या दिवशी रेषा तुटते, आणि ती तुटलेली दिसणे हाच प्रामाणिक आलेख होय, असे माझे मत आहे.

रेषा काढणे त्यामानाने क्षणाचे काम, पण पहिले चित्र वाचण्याजोगे नसते. आडव्या अक्षावर तारखांऐवजी सात लाखांच्या घरातले आकडे येतात, कारण डेटनम दिवस मोजतो. डेटटिकने त्यांचे पुन्हा दिवस-महिने करावे लागतात. उभा अक्ष आकड्यांप्रमाणे आपोआप ताणला किंवा आखडला जातो, त्यामुळे कमी पावसाच्या वर्षाची रेषाही महापुराच्या वर्षाइतकी उंच चढलेली दिसते. दोन वर्षे शेजारी ठेवायची असतील, तर हे चालणार नाही. मी मर्यादा १० ते ६० फूट अशी पक्की केली आणि अक्षावरच्या खुणांमध्ये ३९ आणि ४३ हे आकडे मुद्दाम बसवले. त्या दोन्ही उंचींवर आडव्या रेषा ओढल्या, एक तुटक आणि एक ठिपक्यांची. रंगांवर विसंबून राहिलो नाही, कारण मुलांच्या हाती शेवटी काळी-पांढरी झेरॉक्सच पडते आणि तिच्यात लाल व निळा सारखेच करडे होतात.

पाऊस त्याच चित्रात हवा होता, पण मिलिमीटर आणि फूट एका अक्षावर मावत नाहीत. प्लॉटवायवाय या आज्ञेने उजवीकडे दुसरा अक्ष घेतला आणि जलशास्त्रातील रीतीप्रमाणे तो उलटा केला, म्हणजे पावसाचे स्तंभ वरून खाली लोंबतात आणि नदीची रेषा खालून वर येते. पावसाच्या अक्षाची कमाल मर्यादा मोठी धरली, तर स्तंभ वरच्या भागातच राहतात आणि रेषेवर येत नाहीत. राधानगरी धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग खालच्या वेगळ्या चौकटीत घेतला. तिथे बिंदू जोडणारी तिरकी रेषा चुकीचे सांगते, कारण धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडतात आणि प्रत्येकामागे विसर्ग १४२८ क्युसेकने एकदम वाढतो. अशा राशीसाठी पायऱ्यांचा आलेख काढणारी स्टेअर्स ही आज्ञा आहे, आणि तिने काढलेल्या चित्रात कोणत्या दिवशी किती दरवाजे उघडे होते, ते मुलांना पायऱ्या मोजून सांगता येते.

सर्वांत जास्त वेळ मराठी अक्षरांनी घेतला. ऑक्टेव्हच्या नेहमीच्या चित्रण साधनात ‘विसर्ग’ असे लिहिले, की पहिली वेलांटी ‘व’च्या मागे जाते, रफार ‘ग’वर चढत नाही आणि ‘र’चा पाय मोडलेला दिसतो, ते साधन एकेक खूण सुटी ठेवत जाते, जोडणी करत नाही. चित्र एसव्हीजी या रेखाचित्रांच्या फाइल स्वरूपात काढून इंकस्केप या चित्र संपादकात मराठी शब्द बसवणे हा एक मार्ग होता, पण नवी नोंद आली की ते सगळे पुन्हा हाताने करावे लागते. म्हणून हिशोब ऑक्टेव्हमध्येच ठेवला, तयार स्तंभ साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवले आणि अंतिम चित्र ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या साधनाला काढायला दिले. १९८६ पासून चालत आलेल्या या साधनात पीएनजीकैरो हा पर्याय निवडला, की अक्षरांची जोडणी पँगो ही प्रणाली करते, आणि नोटो सान्स देवनागरी फाँट सांगितला की ‘विसर्ग’, ‘इशारा पातळी’, ‘राधानगरी’ हे सारे शब्द छापील पुस्तकासारखे उमटतात. दुसरा अक्ष, त्याची उलटी दिशा, पायऱ्या, ‘नॅन’च्या जागी तुटणारी रेषा, हे सर्व तिथेही जसेच्या तसे जमते, फक्त आज्ञा वेगळ्या.

हे सारे माउसने न करता आज्ञा फाइलमध्ये लिहून ठेवण्याचा मी आग्रह धरला. नोंदींच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवून दोन्ही आज्ञा फाइल चालवल्या, की नवा आलेख तयार होतो, आणि हे काम आता मुलेच करतात. वर्गात त्यांना पावसाचा सर्वांत लांब स्तंभ आणि त्यानंतरचा पातळीचा माथा यांतले अंतर दिवसांत मोजायला दिले आहे. त्यावर प्रयाग चिखलीच्या एका मुलीने विचारले, की राधानगरीचाच पाऊस का, पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी आणि कुंभी या नद्यांच्या खोऱ्यातला का नाही. प्रश्न रास्त आहे. त्या दोन खोऱ्यांच्या पावसासाठी नोंदींच्या फाइलमध्ये स्तंभ वाढवून ठेवले आहेत.