इंजिन नंबरच्या एका फोटोसाठी सात आठवडे

अजूनही तो विषय निघाला की डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. जुनी एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची) रेस कार घेण्याचा माझा सगळा व्यवहार तीन आठवड्यांत उरकला असता. लागले दहा, आणि त्यातले सात एका फोटोपायी गेले.

गाडी होती १९७२ मॉडेलची पोर्शे ९११ एस. कधीकाळी रस्त्यावर चालणारी, पण पहिल्या एक-दोन वर्षांतच ट्रॅकवर गेलेली आणि पुढे तिथेच रमलेली. आत चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, एक सीट, हीटर काढून टाकलेला. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘मूळ इंजिन, सुरुवातीपासूनचा शर्यतींचा इतिहास.’ ही दोन वाक्यं लिहायला काही लागत नाही. ती सिद्ध करायला काय काय लागतं, ते मी या दहा आठवड्यांत शिकलो.

जाहिरातीचे फोटो मी ओळखीच्या शौकीन मंडळींना दाखवले आणि तासाभरात मतांचा पाऊस पडला. पहिला आक्षेप मडगार्डवर. मागची मडगार्ड आरएसआर (पोर्शेची खास शर्यतीसाठीची ९११) पद्धतीची, चांगली फुगवलेली, ११ इंची चाकं मावतील अशी. आरएसआर आली १९७३ मध्ये. मागचं बदकाच्या शेपटीसारखं स्पॉयलरही १९७३ च्या कॅरेरा आरएस या आवृत्तीपासूनचं. मग १९७२ च्या गाडीवर ही झूल कशी, म्हणजे गाडी बनावट, असा एकाचा निकाल. दुसऱ्याचं म्हणणं, त्या काळी खासगी स्पर्धक दर हंगामाला नव्या भागांनी गाडी सजवायचेच. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या डेटोनात आरएसआर २४ तासांची शर्यत जिंकल्यावर ती मडगार्ड कोणाला नको होती? मला हे दुसरं मत पटलं आणि आजही पटतं. शर्यतीची गाडी हंगामागणिक बदलत जाते. तिला शोरूममधून निघाली त्या दिवसावर नेऊन ठेवायचा हट्ट धरणाऱ्यांनी रस्त्यावरची गाडी घ्यावी.

पण एक आक्षेप खरोखर अभ्यासाचा होता. १९७२ च्या मॉडेलला, आणि फक्त त्याच वर्षी, उजव्या दाराच्या मागे ऑइल भरण्यासाठी बाहेरून एक छोटं झाकण होतं. वजनाचा तोल सुधारावा म्हणून कंपनीने त्या वर्षी ऑइलची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली होती. लोक त्या झाकणातून पेट्रोल ओतायला लागले, आणि १९७३ ला टाकी परत चाकामागे गेली. या गाडीला ते झाकण नव्हतं. ‘झाकण नाही, म्हणजे सांगाडा दुसऱ्या वर्षाचा’ असं एकाने ठासून सांगितलं. मडगार्ड बदलताना तो पत्रा कापला गेला असणार, हे तितकंच शक्य होतं. खरं काय ते फोटोवरून कळण्यासारखं नव्हतंच. चाकाच्या खोबणीत डोकं घालून टाकीच्या जुन्या ब्रॅकेटच्या खुणा शोधाव्या लागतात. मी नंतर शोधल्या. दोन ब्रॅकेट होते, एकावर मूळ रंगाचा चतकोर तुकडा शिल्लक होता. तो बोटाने चाचपताना मला जे समाधान मिळालं ते शब्दांत सांगता येणार नाही.

आता फोटोचं प्रकरण. या गाड्यांचा इंजिन नंबर वाचायला सोपा असतो. मागचं, इंजिनावरचं झाकण उघडलं की पंखा दिसतो; पंखा ज्या उंचवट्यावर बसतो, त्याच्या उजवीकडच्या उभ्या भागावर नंबर ठोकलेला असतो. पहिला अंक ६, म्हणजे सहा सिलिंडर. दुसरा अंक इंजिनाचा प्रकार, एससाठी ३. तिसरा मॉडेल वर्ष. म्हणजे १९७२ च्या एसचा नंबर ६३२ ने सुरू झाला पाहिजे. सांगाड्याचा नंबर पुढच्या डिकीत, एरवी गालिचा असतो तिथल्या पत्र्यावर. तो ९११२३० ने सुरू होतो: ९११, मग वर्षाचा २, एसचा ३, कूपेचा शून्य. जाहिरातीसोबत कंपनीच्या नोंदीवरून दिलेल्या प्रमाणपत्राची प्रत होती. त्यावर सांगाड्याचा नंबर बरोबर, इंजिन ६३२ चं. सांगाड्याच्या नंबराचा फोटोही आला होता आणि तो प्रमाणपत्राशी जुळत होता. राहिला होता एकच फोटो.

गाडी विकणाऱ्याने व्यवहार एका मध्यस्थ कार्यालयाकडे सोपवला होता. नाव लिहित नाही. पहिल्या पत्रात मी सरळ लिहिलं: ‘पंख्याच्या उजव्या बाजूचा, इंजिन नंबर दिसेल असा फोटो पाठवा, आणि शर्यतींचं लॉगबुक असेल तर त्याच्या पानांचे फोटो.’ चार दिवसांनी उत्तर आलं, सोबत चाळीस फोटो. डॅशबोर्ड, चाकं, स्टिअरिंग, मावळत्या उन्हात उभी असलेली गाडी. इंजिनाचे सहा, सगळे वरून, दुरून. त्यात पंखा होता, नंबर नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मी एका फोटोवर लाल बाण काढून पाठवला. उत्तर आलं, ‘तिथे हात पोचत नाही.’ हात पोचायची गरजच नाही, बॅटरीचा झोत आणि मोबाइल पुरतो, हे मी फोन करून समजावलं. पलीकडचा माणूस नम्र होता, ‘उद्या नक्की’ म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात तेच ‘उद्या’. चौथ्या आठवड्यात सांगण्यात आलं की नंबरावर ऑइलचा थर आहे. मग पुसा! फडकं आणि थोडं रॉकेल, दोन मिनिटांचं काम. पाचव्या आठवड्यात पत्र आलं की आणखी एक जण गाडीत उत्सुक आहे, तेव्हा अनामत भरून टाकावी, फोटो ‘कागदपत्रांच्या टप्प्यात’ मिळेल. त्या दिवशी मी खरंच संतापलो. अनामत भरायची की नाही, हे ठरवण्यासाठीच तर तो फोटो हवा होता. लॉगबुकबद्दल दर वेळी एकच उत्तर: ‘मालकांना विचारून सांगतो.’

मी अनामत भरली नाही. घरच्यांनी, मित्रांनी सांगितलं, गाडी हातची जाईल. रात्री झोप लागायची नाही, हेही खरं. पण ज्या वस्तूवर ‘मूळ इंजिन’ असं लिहून भाव लावला जातो, त्या इंजिनाचा नंबर दाखवायला पाच आठवडे लागत असतील, तर एकतर त्यांनी तो पाहिलेला नाही किंवा पाहून आवडलेला नाही. दोन्ही वेळा थांबणंच बरोबर. सहाव्या आठवड्यात मी लिहिलं, ‘मी स्वतः येऊन बघतो, मालक हजर असतील तर बरं.’ तारीख मिळायला आणखी एक आठवडा.

गेलो तेव्हा मालक गाडीजवळ उभे होते, सत्तरीच्या पुढचे. कार्यालयातला माणूस थोडा लांब. मी मागचं झाकण उघडलं, बॅटरी लावली, फडक्याने चार वेळा पुसलं. नंबर स्वच्छ वाचता आला. सुरुवात ६२३. म्हणजे १९७३ च्या ई या दुसऱ्या आवृत्तीची क्रँककेस, इंजिनाचा तो मुख्य ठोकळा ज्यावर नंबर असतो. पोटात खड्डा पडला.

मी मालकांना विचारलं, ‘हे मूळ इंजिन नाही ना?’

ते शांतपणे म्हणाले, ‘नाहीच. केस मीच बदलली होती. तुम्हाला लॉगबुक दाखवलं नाही का?’

‘मी सात आठवडे तेच मागतोय.’

‘मला तर कुणी विचारलंच नाही,’ असं म्हणून ते आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक वहीसारखं पुस्तक घेऊन आले.

त्या पुस्तकात गाडीच्या प्रत्येक शर्यतीची तांत्रिक तपासणी नोंदवलेली होती: तारीख, ट्रॅक, सही, काय दुरुस्त करायला सांगितलं ते. पहिल्या पानावर सांगाड्याचा नंबर. मडगार्ड कोणत्या हंगामात रुंद झाली तेही होतं. आणि एका पानाच्या मागे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: हेडचे स्टड केसमधून उपटले, दुसरी केस बसवली, क्रँक आणि सिलिंडर तेच. खाली नवा नंबर, ६२३ वाला, प्रत्येक अंक जुळणारा.

हे पटण्यासारखं होतं, कारण त्या वर्षांच्या केस मॅग्नेशियमच्या असायच्या. हलक्या, पण उष्णतेने आणि ताणाने स्टडचे (सिलिंडरचं हेड आवळून धरणाऱ्या लांब बोल्टांचे) आटे सुटायचे, विशेषतः शर्यतीच्या इंजिनात. २.४ लिटरच्या टी, ई आणि एस या तिन्ही आवृत्त्यांना ८४ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७०.४ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) एकच, त्यामुळे ई ची केस एसच्या भागांना चालते. त्या माणसाने काहीही लपवलं नव्हतं. खोटं लिहिलं होतं जाहिरातीत, आणि ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं. लॉगबुक पहिल्याच आठवड्यात आलं असतं तर मी त्याच आठवड्यात होकार दिला असता. बदललेल्या केससकट ती गाडी ‘मूळ इंजिन’ म्हणून सजवलेल्या गाडीपेक्षा माझ्या लेखी मोलाची आहे, कारण तिचं प्रत्येक वर्ष लिहून ठेवलेलं आहे.

भाव अर्थातच खाली आला. त्याची बोलणी, कागद, वाहतूक, सगळं दहा-बारा दिवसांत झालं, सांगण्यासारखं काही नाही.

तपासणीबद्दल मात्र सांगतो. नुसत्या कॉम्प्रेशनच्या (सिलिंडरमधल्या दाबाच्या) चाचणीवर भागवू नका, लीकडाउन करून घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती गळते ते मोजून घ्या. माझ्या गाडीत पाच सिलिंडर शेकडा ४-५ गळतीवर होते, चौथा १२ वर. हवा कुठून सुटते ते कान लावून ऐकायचं: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. माझ्याकडे एक्झॉस्ट होता, म्हणजे हेड उतरवायचं काम, पण केस उघडायची गरज नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आधी थंड इंजिनावर ०.१ मिलिमीटरला बसवून घ्या, नाहीतर चाचणीच चुकते. चेन टेन्शनर (इंजिनातली साखळी ताणून धरणारे भाग) जुन्या पद्धतीचे आहेत का ते विचारा. ऑइलच्या दाबावर चालणारे १९८४ च्या मॉडेलपासून आले, ते जुन्या इंजिनालाही बसवता येतात. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांखालच्या पट्टीवर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. गाडी वर उचलून मागच्या टॉर्शन बारच्या (स्प्रिंगचं काम करणाऱ्या, पिळल्या जाणाऱ्या सळईच्या) नळीची टोकं बघा. तिथला गंज सगळ्यात महाग.

आणखी एक, आधी सांगायला हवं होतं: हार्नेसवरची (शर्यतीच्या सीटबेल्टवरची) तारीख आणि पेट्रोलच्या रबरी टाकीची तारीख आधी वाचा. नियमांनुसार दोन्हींना ठरावीक मुदत असते. माझ्या गाडीत दोन्ही संपलेल्या होत्या, आणि त्या बदलल्याशिवाय तांत्रिक तपासणीत कोणी पुढे जाऊ देत नाही.

ऑइलचंही राहिलंच. हे ड्राय संप इंजिन आहे, ऑइल वेगळ्या टाकीत असतं. थंड गाडीत ऑइल मोजायची दांडी काढून पाहिली तर ती कमी दाखवते आणि माणूस वर ओतत बसतो. आधी गाडी पूर्ण तापवायची, सपाट जागी उभी करायची, इंजिन चालू ठेवूनच दांडी बघायची. मी पहिल्या दिवशी मालकांसमोर हेच केलं. ते बाजूला उभे होते. दांडी मधोमध होती. ‘आता घेऊन जा,’ म्हणाले, आणि लॉगबुकची पिशवी सीटवर ठेवली.