तुम्ही विचारलंत म्हणून : फोटोत नाही, मग बिमारी आहे कुठं?

"सर, फोटोत तं काईच नाई निघालं म्हनते. मंग बिमारी हाय कुठी?"

पानठेल्यावर, शाळेच्या फाटकाशी, लग्नाच्या पंगतीत, नऊ वर्षं झाली मला हेच विचारलं जातंय. फोटो म्हणजे दादाच्या डोक्याचा एमआरआय. दादाला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद चढतो, कधी खोल उदासी येते. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्यानंच सांगून टाकलं. विचारणाऱ्यांत दोन तऱ्हा असतात. एकाला वाटतं, फोटोत नाही म्हणजे बाहेरचं असेल. दुसऱ्याला वाटतं, सोंग असेल. बाहेरचं म्हणून आम्हीही दोन महिने आणि एक बकरा घालवून बसलोय, त्यामुळं पहिल्याला मी हसत नाही.

पौषातली गोष्ट. गव्हाचं ओलित सुरू होतं. आमच्याकडं वावरातली लाईन आलटून पालटून येते, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. दादा सलग पाच रात्री बाऱ्यानं पाणी देत होता. सहाव्या पहाटे तीन वाजता त्यानं मला उठवलं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलानं माखलेले, हातात बॅटरी. थंडीनं माझे दात वाजत होते आणि हा घामाघूम. खताच्या रिकाम्या पोत्यावर त्यानं खडूनं संत्र्याच्या बगीच्याचा नकाशा काढला होता. आमचं सहा एकर कोरडवाहू धरून. म्हणाला, "मले झोपच नाई लागत रे. गरजच नाई पडत." हे तो तक्रार म्हणून नाही, आनंदानं सांगत होता. मलाही वाटलं, माणूस कामाला लागलाय, चांगलं आहे. त्या आठवड्यात त्यानं बोअरची गाडी तीनदा बोलावली. होळीपर्यंत तोच दादा भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडून होता. लोक म्हणाले, कर्जाचं टेन्शन. विदर्भात हे उत्तर तयारच असतं. पण त्या साली कापसाला भाव बरा होता आणि सोसायटीचं कर्ज आम्ही भरलेलं होतं.

तर बिमारी कुठं आहे? एक जागा मी दाखवू शकतो. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या बुडाशी जिथं एकमेकींना ओलांडतात, तिथंच वर पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे. शरीराचं घड्याळ तेच. उजेड-अंधार बघून झोप, भूक, अंगाची उष्णता, संप्रेरकं यांची वेळ तो लावतो. बायपोलरमध्ये हे घड्याळ लवकर ढळतं. तुम्ही-आम्ही दोन रात्री जागलो तर तिसऱ्या रात्री मेल्यासारखे झोपतो. या आजारात जागरणानंच उन्माद पेटू शकतो, आणि उन्माद पेटला की झोप आणखी उडते. गावभर लोक जागली करतात, रानडुकरं हाकतात, रात्रीचं पाणी देतात. त्यांना काही होत नाही. दादाला झालं, कारण त्याच्यात ती ठिणगी धरणारं काहीतरी आधीपासून होतं.

ते काहीतरी बरंचसं रक्तातून येतं. इथं लोक आवाज खाली आणतात, कारण खरा प्रश्न दादाच्या मुलीच्या सोयरिकीचा असतो. आकडे असे आहेत : सर्वसाधारण माणसांत शंभरात एखाद्याला हा आजार होतो, आई, बाप किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात पाच ते दहा जणांना. म्हणजे नव्वदांना नाहीच. त्या हिशेबात मी पण येतो, हे सोयरीक बघायला आलेल्यांना आठवत नाही. एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला असला तर दुसऱ्याला असतोच असं नाही, म्हणजे सगळं जनुकांवर सोडता येत नाही. एकच एक खराब जनुक नाहीये. २०२१ साली सुमारे ४२ हजार रुग्णांचा जनुकीय अभ्यास छापून आला, त्यात आजाराशी नातं असलेल्या ६४ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. त्यांतल्या काही मेंदूच्या पेशींत कॅल्शियमची ये-जा सांभाळणाऱ्या.

मग फोटोत का दिसत नाही? हजारो रुग्णांची सरासरी काढली तर मेंदूचा वरचा थर जरासा पातळ भरतो. पण एकट्या माणसाचा फोटो बघून कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. तो फोटो काढतात गाठ वगैरे नाही ना, हे बघायला. थायरॉइड तपासतात तेही त्याच कारणानं.

आजार शरीराचा आहे, याची माझी खात्री मात्र औषधानं पटवली. लिथियम. जमिनीत, पाण्यात सापडणारा साधा क्षार. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरनं तो उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिला आणि फरक पडला. पेशींच्या आतल्या निरोपानिरोपीवर तो काम करतो, घड्याळाची गतीही थोडी मंद करतो. अडचण एवढीच की मूत्रपिंड त्याला मिठासारखंच वागवतं. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही. रक्तात तो लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल असावा, दीडच्या वर विष.

आता आमचा उन्हाळा आठवा. नवतपात दादा दिवसभर कडबा भरत होता. गुडघा दुखला म्हणून एका डॉक्टरनं दुखण्याच्या गोळ्या दिल्या. लिथियम चालू आहे का, हे त्यानं विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. तसल्या बऱ्याच गोळ्यांनी लिथियम आणखी चढतं. चौथ्या दिवशी चहाची बशी त्याच्या हातात टकटक वाजायला लागली. मग उलट्या, हागवण, चालताना झोक जाणं. रक्तात १.७ निघालं. सलाईन लावून, गोळी थांबवून तो सावरला. तेव्हापासून वहिनी त्याच्या मागं पाण्याची कळशी घेऊनच असते, आणि दर तीन महिन्यांनी रक्त. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी काढायचं, सकाळची गोळी घ्यायच्या आधी. नाहीतर आकडा खोटा येतो.

लाईन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून मी तिला ऑटो बसवून घेतला. तरी बारं मोडायला माणूस लागतोच. या आठवड्यात आमची लाईन रात्री साडेदहाची आहे, म्हणून वावरात मी जातो. दहाच्या सुमारास दादा अंगणातून विचारतो, "आली का लाईन?" मी म्हणतो, यायची आहे, तू झोप. वहिनी आतून ओरडून सांगते, "भाऊजी, आज साडेनऊलेच निजले व्हते, तुमीच उठोलं त्यायले."