दोनशे मीटर आणि दुधाची पिशवी

रविवारी दुपारी भाचा आला. जेवण झालं, सुपारी झाली, आणि त्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "मामा, हे बघ. आमच्या साहेबांनी घेतलं." ओडेमार पिगे या स्विस कंपनीचं रॉयल ओक घड्याळ. किंमत ऐकली आणि मी मनातल्या मनात बदलापूरला एक खोली घेऊन टाकली.

घड्याळ देखणं आहे, खोटं कशाला बोला. अष्टकोनी चौकट, तिच्यावर आठ स्क्रू. १९७२ साली आलं तेव्हा स्टीलचं असून भाव कित्येक सोन्याच्या घड्याळांच्या वरचा. ते आखणाऱ्या जेराल्ड जेंटाला म्हणे ही चौकट पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून सुचली. आणि हे पाणबुडे महाराज आजही पाण्यात जाणार ५० मीटर! माझ्या मनगटावरचं जपानी सिको एसकेएक्स, रॉयल ओकच्या पट्ट्याच्याही किमतीला न पोचणारं, २०० मीटरवालं. त्याला चावी नाही. दोन दिवस पडून राहिलं की खोकल्याच्या औषधासारखं हलवायचं, मग चालू. दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे, एवढी सूट कंपनीनेच देऊन ठेवली आहे. मध्य रेल्वेवर वाढलेल्या माणसाला ती पुरते.

माझ्या सिकोच्या काचेभोवतीची कडी, बुडी मारल्यापासूनची मिनिटं मोजायची, एकाच बाजूला फिरते. पाण्याखाली धक्का लागून सरकलीच, तर गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी नाही. म्हणजे माणूस हवा संपायच्या आत वर येतो. आईने स्वयंपाकघरातलं घड्याळ जन्मभर दहा मिनिटं पुढे ठेवलं. दहा मिनिटं पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक, तरी सगळे धावायचे.

बाबांकडे एचएमटी जनता होतं. सकाळी दाढी झाली की चावी, रोज मोजून तितकेच पीळ. जूनपासून दप्तरात दुधाची धुऊन वाळवलेली पिशवी असे. पाऊस लागला की घड्याळ आणि रेल्वेचा पास त्या पिशवीत, वर दोन रबरबँड, आणि पिशवी बनियनच्या आत. एकदा नौपाड्यात गुडघाभर पाणी भरलं होतं. दिवे गेलेले. आई खिडकीत, मी तिच्या कमरेला. रात्री कधीतरी बाबा आले. छत्रीच्या काड्या उलट्या, एक चप्पल गायब, शर्टाला गटाराचा वास. आई टॉवेल घेऊन धावली, तर ते दारातच उभे. आधी पिशवी काढली, रबरबँड सोडवले, घड्याळ कानाला लावलं. दोघंही गप्प. मग म्हणाले, "चालतंय," आणि ठेवणीतलं हसले.

काल संध्याकाळी भाच्यासोबत तलावपाळीला गेलो. भेळ हातात आली आणि सर आली. माझं मनगटाकडे लक्ष जायच्या आधीच घड्याळ निघून खिशात, रुमालात.

"मामा, दोनशे मीटर!" भाचा हसून वाकला.

"वॉशर जुना झालाय रे," मी म्हटलं. वॉशर गेल्याच वर्षी बदललाय. अंघोळीलाही काढतो, ते त्याला सांगितलं नाही.

भेळ भिजलीच.